उत्तरपत्रिकेचे फोटो अपलोड होत नाहीत? फॉरमॅटचा घोळ परीक्षेच्या आधीच सोडवा

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी 'एपी' म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या (शाळेतच कॉलेजच्या पातळीचे विषय घेणाऱ्यांच्या) परीक्षा घरी बसून दिल्या. करोनामुळे बहुतेक विषयांचा पेपर ४५ मिनिटांवर आणला होता. कागदावर लिहिलेल्या उत्तराचा फोटो काढून पोर्टलवर चढवायला ५ मिनिटं मिळत होती. काही मुलांचं उत्तर वेळेत लिहून झालं, फोटोही निघाला, पण अपलोड काही होईना. स्क्रीन अडकली, घड्याळ शून्यावर आलं आणि पेपर गेला. त्यांच्या आयफोनने फोटो 'एचईआयसी' फॉरमॅटमध्ये साठवला होता. पोर्टल मात्र जेपीजी, जेपीईजी आणि पीएनजी एवढीच चित्रं घेत होतं. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने हे आधी कळवलं होतं, पण आपला फोन कोणत्या फॉरमॅटमध्ये फोटो काढतो हे किती जण बघून ठेवतात? अशा मुलांना जूनमध्ये फेरपरीक्षेला बसायला सांगितलं गेलं. १८ मेपासून ईमेलने उत्तर पाठवायची सोय झाली, पण पहिल्या आठवड्यात ज्यांचा पेपर गेला त्यांना तिचा उपयोग झाला नाही.

आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली विद्यापीठाने ओपन बुक, म्हणजे पुस्तक उघडून लिहायची, परीक्षा घेतली. तिथेही हाताने लिहिलेली पानं स्कॅन करून पोर्टलवर टाकायची होती. महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांनी तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांवर भागवलं. त्यामुळे आपल्या मुलांना हा त्रास परीक्षेपेक्षा कॉलेजच्या अंतर्गत चाचण्या, गूगल क्लासरूम, दूरशिक्षणाच्या असाइनमेंट आणि क्लासच्या टेस्ट सिरीज यांत जास्त झाला, आणि अजूनही होतो. यंदा पहिल्यांदाच अशी परीक्षा देणाऱ्यांसाठी आणि ऐन वेळी ज्यांच्या हातात फोन दिला जातो त्या आईबाबांसाठीही हा लेख आहे.

आधी एक गैरसमज

फाइलच्या नावात टिंबानंतर जी तीन-चार अक्षरं येतात, म्हणजे जेपीजी, पीएनजी, पीडीएफ वगैरे, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. पोर्टल 'एचईआयसी चालत नाही' म्हणालं की बरेच जण नावातली शेवटची अक्षरं खोडून तिथे जेपीजी लिहितात. डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी लावली म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या आतल्या मजकुरावरून ठरतं. पीडीएफच्या सुरुवातीलाच 'पीडीएफ' ही अक्षरं लिहिलेली असतात, आणि जेपीजी, पीएनजी, एचईआयसी यांच्या सुरुवातीच्या खुणाही ठरलेल्या आहेत. नाव बदलल्याने त्या खुणा बदलत नाहीत.

नाव बदललेली फाइल पोर्टलने नाकारली तर एक वेळ बरं, निदान कळतं तरी. काही पोर्टल मात्र फक्त नाव बघतात आणि अशी फाइल मुकाट्याने घेतात. तुम्हाला हिरवी खूण दिसते, पोचपावती येते, तुम्ही निर्धास्त होता. आठवड्याने तपासणारे सर किंवा मॅडम फाइल उघडतात तेव्हा समोर कोरा चौकोन येतो. लाल अक्षरातल्या एररपेक्षा ही हिरवी खूण मला जास्त धोक्याची वाटते.

नाव बदलून काम होतं अशाही दोन जागा आहेत. जेपीजी आणि जेपीईजी एकच आहेत. संगणकाच्या जुन्या डॉस प्रणालीत एक्स्टेन्शनला तीनच अक्षरं चालायची, म्हणून एक अक्षर गळालं. पोर्टलला फक्त जेपीजी हवं असेल आणि तुमच्याकडे जेपीईजी असेल तर खुशाल नाव बदला. दुसरी जागा म्हणजे 'जेएफआयएफ'. विंडोजवर ब्राउझरमधून एखादं चित्र सेव्ह केलं की कधीकधी असं नाव येतं. आत जेपीईजीच असतं, त्यामुळे तिथेही नाव बदललेलं चालतं. बाकी एचईआयसी, वेबपी (वेबसाइटवरच्या चित्रांचा एक प्रकार), पीएनजी यांना खरोखर रूपांतरित करावं लागतं.

एचईआयसी आलं कुठून

जेपीईजीचं मानक १९९२ सालचं आहे आणि ते आजही सगळीकडे उघडतं. २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत ॲपलने आयफोनचे फोटो एचईआयसीमध्ये साठवायला सुरुवात केली. या प्रकारात चित्र एचईव्हीसी या व्हिडिओच्या पद्धतीने दाबलं जातं, त्यामुळे तेवढाच चांगला फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो जेपीजीमध्ये २ ते ५ एमबी होतो, तोच एचईआयसीमध्ये बऱ्याचदा १ ते २ एमबीत बसतो. फोनच्या दृष्टीने सोय चांगली आहे, पण सगळ्या ब्राउझरना आणि परीक्षेच्या पोर्टलना ती उघडता येत नाही.

अँड्रॉइडवाल्यांनी लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नये. बहुतेक अँड्रॉइड फोन मुळात जेपीजीच काढतात हे खरं. पण सॅमसंगच्या कॅमेऱ्यात 'हाय एफिशियन्सी पिक्चर्स' नावाचं बटण असतं आणि इतर काही कंपन्यांच्या फोनमध्येही तसा पर्याय सापडतो. फोनमधली जागा वाचावी म्हणून घरातल्या कुणीतरी ते कधीतरी चालू केलेलं असतं, आणि पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिलं काम: पोर्टलला काय हवंय ते वाचा

सूचनापत्रात चार गोष्टी शोधा आणि वहीत लिहून ठेवा. कोणता फॉरमॅट, एका फाइलची कमाल साइझ, किती फाइल्स चालतील (पानागणिक वेगळी, की सगळ्या पानांची मिळून एक) आणि फाइलचं नाव कसं हवं. सूचनापत्रात साइझ दिलेली नसेल तर अपलोडच्या बटणाखाली बारीक अक्षरात असते. सरांनी गूगल फॉर्म दिला असेल तर फाइल टाकण्यासाठी गूगल खात्यात लॉगिन व्हावं लागतं. मोठ्या भावाच्या खात्यातून लॉगिन असेल तर फाइलसोबत त्याचं नाव जातं. गूगल फॉर्ममध्ये फाइलची मर्यादा सहसा १० एमबी असते, कारण फॉर्म बनवणाऱ्याने मुद्दाम बदलली नाही तर तीच राहते.

दुसरं काम: फोन तपासा आणि सेटिंग बदला

आयफोनवर: 'सेटिंग्ज'मध्ये 'कॅमेरा' उघडा, त्यात 'फॉरमॅट्स'. तिथे 'हाय एफिशियन्सी'वर खूण असेल तर 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. यापुढचे फोटो जेपीजीत निघतील. 'यापुढचे' हा शब्द महत्त्वाचा. आधी काढलेले फोटो आहेत तसेच एचईआयसीत राहतात. पेपर संपल्यावर सेटिंग बदलली तर त्याच पानांचे फोटो पुन्हा काढावे लागतील. बदल नीट झाला का, हे बघायला एक फोटो काढा, 'फोटोज'मध्ये तो उघडून वर सरकवा किंवा 'आय'च्या चिन्हावर बोट ठेवा. तिथे 'जेपीईजी' किंवा 'एचईआयएफ' (म्हणजे एचईआयसीच) असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. कॅमेऱ्यातलं 'लाइव्ह फोटो'ही बंद करा. उत्तरपत्रिकेच्या पानाला हालचाल कशाला हवी?

सॅमसंगवर: कॅमेरा उघडून सेटिंगच्या चाकावर जा, 'ॲडव्हान्स्ड पिक्चर ऑप्शन्स'मध्ये 'हाय एफिशियन्सी पिक्चर्स' बंद करा. दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'एचईआयएफ' किंवा 'हाय एफिशियन्सी' हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर फोन बहुधा जेपीजीच काढतोय. तरी एका फोटोचे तपशील उघडून फाइलचं नाव बघून घ्या.

परीक्षांचा मोसम संपेपर्यंत ही सेटिंग तशीच राहू द्या. जागा थोडी जास्त लागेल, एवढंच.

जेपीजी की पीडीएफ?

पोर्टल दोन्ही घेत असेल तर मी पीडीएफच निवडायला सांगेन. सगळी पानं एका फाइलमध्ये, क्रमाने राहतात. शिवाय स्कॅनर ॲपने काढलेल्या पीडीएफमध्ये पान सरळ होतं, कडा कापल्या जातात आणि एचईआयसीचा प्रश्नच उरत नाही.

आयफोनवर वेगळं ॲप लागत नाही. 'फाइल्स' ॲप उघडा, वरच्या तीन टिंबांवर दाबून 'स्कॅन डॉक्युमेंट्स' निवडा, एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरा आणि शेवटी 'सेव्ह' करा, पीडीएफ तयार. 'नोट्स'मधूनही हेच होतं. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनचा पर्याय आहे. अडोब स्कॅनही चालतं. एके काळी आपल्याकडे सगळ्यांच्या फोनमध्ये कॅमस्कॅनर असायचं. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात तेही होतं. म्हणजे मुलांना स्कॅनरची सर्वात जास्त गरज होती नेमक्या त्याच दिवसांत ते गेलं.

स्कॅनर ॲप रंगाचे काही पर्याय देतं. 'ब्लॅक अँड व्हाइट' केलं की फाइल लहान होते आणि पेनाचं अक्षर ठसठशीत दिसतं. पण त्यात पेन्सिलीच्या फिकट रेषा नाहीशा होतात. जीवशास्त्राच्या आकृत्या, भूमितीची रचना, आलेख, अकाउंट्सचे पेन्सिलीने आखलेले रकाने, सगळं पुसट होतं किंवा पूर्ण उडून जातं. पेपरात आकृत्या असतील तर 'ग्रेस्केल' किंवा रंगीत ठेवा. तपासणाऱ्याला आकृतीच दिसली नाही तर तो गुण कशाला देईल?

पोर्टल पानागणिक वेगळं चित्र मागत असेल तर जेपीजी काढा. पीएनजी टाळा. ते १९९६ पासूनचं आहे आणि सगळीकडे उघडतंही, पण कागदाच्या फोटोसाठी त्याची फाइल उगीचच मोठी होते.

फोटो आधीच काढलेले असतील आणि पीडीएफ हवी असेल तर: आयफोनवर 'फोटोज'मध्ये पानं निवडा, 'शेअर'मधून 'प्रिंट'वर जा आणि समोर आलेल्या छोट्या चित्रावर दोन बोटं फाकवा. तीच पीडीएफ होते, ती 'फाइल्स'मध्ये ठेवा. अँड्रॉइडवर 'प्रिंट'मध्ये प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा. विंडोजवर सगळे फोटो निवडून उजवं बटण, 'प्रिंट', आणि प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. पानांचा क्रम मात्र पीडीएफ उघडून स्वतः बघा.

पानांचे फोटो काढताना

खिडकीच्या बाजूचा उजेड सर्वात चांगला. डोक्यावरच्या दिव्याखाली फोन धरला की तुमच्याच हाताची सावली पानावर पडते. फ्लॅश नको, शाई चमकते. कागद पातळ असेल आणि मागच्या बाजूचं लिखाण पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद किंवा गडद रंगाची वही ठेवा, मागची अक्षरं बरीच फिकी पडतात. प्रत्येक पानावर, पुरवणीवरसुद्धा, आसन क्रमांक आणि 'पान ३ पैकी १' असं लिहा. एखादं पान क्रमाबाहेर गेलं तर तपासणारा तुमच्यासाठी कोडं सोडवत बसणार नाही.

फोटो आडवा जाण्याची तक्रार फार येते. 'माझ्या फोनवर सरळ दिसतो, पोर्टलवर झोपलेला दिसतो.' फोन चित्र कधीकधी आडवंच साठवतो आणि सोबत 'हे फिरवून दाखवा' अशी एक अदृश्य नोंद ठेवतो. फोनची गॅलरी ती नोंद वाचते, काही पोर्टल वाचत नाहीत. टेबलावर पान ठेवून वरून फोटो काढताना फोनचाही गोंधळ होतो. उपाय सोपा आहे. फोटो काढल्यावर 'एडिट'मध्ये जाऊन कडा थोड्या कापा आणि सेव्ह करा. तरीही आडवा दिसलाच तर स्क्रीनशॉट काढा, त्यात पान दिसतं तसंच येतं.

एचईआयसी फोटो हातात आहे, आता काय?

पेपर चालू असेल तर आधी हे बघा की पानं समोर आहेत का. असतील तर रूपांतराच्या भानगडीत पडू नका. सेटिंग बदला आणि पुन्हा फोटो काढा. बहुतेक वेळा हाच सर्वात झटपट मार्ग असतो.

पानं समोर नसतील, किंवा उत्तरं लिहिलेल्या फळ्याचा किंवा मॉडेलचा फोटो असेल, तर तुमच्याजवळ जे आहे त्यावरून मार्ग निवडा:

१. फक्त आयफोन: फोटो 'फाइल्स'मध्ये ठेवा, त्यावर बोट दाबून धरा, 'क्विक ॲक्शन्स'मध्ये 'कन्व्हर्ट इमेज' आणि मग 'जेपीईजी'. ही सोय आयओएस १६ पासून आहे. त्याहून जुना फोन असेल तर 'फोटोज'मधून फोटो कॉपी करून 'फाइल्स'मध्ये पेस्ट करा, तो जेपीईजी होऊन पेस्ट होतो.

२. मॅक: फोटो 'प्रिव्ह्यू'मध्ये उघडा, 'फाइल'मधून 'एक्स्पोर्ट', फॉरमॅट 'जेपीईजी'. नव्या मॅकवर फाइलवर उजवं बटण दाबूनही 'कन्व्हर्ट इमेज' मिळतं.

३. विंडोज: 'पेंट'मध्ये उघडा आणि 'सेव्ह ॲज'मध्ये जेपीईजी निवडा. एचईआयसी उघडतच नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' घ्यावं लागतं, ते फुकट आहे. त्याच्या जोडीचं एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन मात्र विकत घ्यावं लागू शकतं. म्हणून हे ऐन परीक्षेत करण्याचं काम नाही.

४. काहीच जमत नसेल: फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि स्क्रीनशॉट काढा. तो बहुधा पीएनजीत येतो, नेट लागत नाही, आणि एका पानाचं हस्ताक्षर त्यात वाचता येण्याइतपत स्वच्छ असतं. नाजूक आकृतीसाठी मात्र हा शेवटचा पर्याय समजा.

व्हॉट्सॲपवर स्वतःला फोटो पाठवायचा आणि तिथून उतरवायचा, हा आपल्याकडचा लाडका उपाय. फोटो म्हणून पाठवला तर तो जेपीजी होतो, एवढं खरं. पण साध्या क्वालिटीत लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ठळक पेनाचं लिखाण टिकतं, बारीक पेन्सिल टिकत नाही. पाठवताना 'एचडी' निवडा. आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका, कारण तसं पाठवल्यावर फाइल आहे तशीच जाते, म्हणजे एचईआयसी ती एचईआयसीच राहते.

फुकट रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइट्सपासून मी लांब राहायला सांगेन. आसन क्रमांक लिहिलेली उत्तरपत्रिका अनोळखी सर्व्हरवर जाते, जाहिरातींच्या गर्दीत खरं डाउनलोड बटण सापडत नाही, आणि चढव-उतर करण्यात जाणारी मिनिटं वेगळीच.

फोनवर फोटो, लॅपटॉपवर पेपर

घोळाची सर्वात मोठी जागा हीच. आयफोनवरून थेट सफारीत, फोटो लायब्ररीतून चित्र निवडलं तर बऱ्याचदा फोन स्वतःच त्याचं जेपीईजी करून देतो. म्हणून एकसारख्याच आयफोनवरून एका मुलीचा पेपर सुरळीत जातो आणि तिच्या मैत्रिणीचा अडकतो. मैत्रिणीने तसाच फोटो 'फाइल्स'मधून निवडलेला असतो, किंवा एअरड्रॉपने मॅकवर नेलेला असतो, किंवा गूगल ड्राइव्हवर टाकून लॅपटॉपवर उतरवलेला असतो. या सगळ्या वाटांनी मूळ एचईआयसीच पोचतं. केबलने विंडोजला जोडणार असाल तर आयफोनच्या फोटोजच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' या ठिकाणी 'ऑटोमॅटिक' ठेवा. 'कीप ओरिजिनल्स' असेल तर एचईआयसी उतरतं.

विंडोजवर आणखी एक छोटा सापळा आहे. फाइलची एक्स्टेन्शन लपवलेली असतात. तुम्ही नावात जेपीजी लिहिता आणि खरी फाइल 'पान१ टिंब जेपीजी टिंब एचईआयसी' अशी दुहेरी शेपटीची होते. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा.

शक्य असेल तर ज्या यंत्रावर फोटो काढला तिथूनच अपलोड करा. पोर्टल एकाच वेळी दोन ठिकाणी लॉगिन होऊ देतं का, ते सराव परीक्षेत तपासून घ्या. काही पोर्टल दुसरीकडे उघडताच पहिलीकडचं सत्र बंद करतात.

फाइल निवडताना तुमचा फोटो राखाडी दिसत असेल, त्यावर टिचकीच बसत नसेल, तर फोन बिघडलेला नाही. पोर्टल सांगतंय की हा फॉरमॅट मला नको. दहा वेळा दाबून उपयोग नाही.

साइझ, नाव आणि नेट

जेपीजीवर गेल्याने एक प्रश्न सुटतो आणि दुसरा समोर येतो, तो म्हणजे वजन. ३ एमबीची १२ पानं म्हणजे ३६ एमबी. घरच्या नेटचा अपलोडचा वेग २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट, आणि एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट) असेल तर त्याला जवळपास अडीच मिनिटं लागतात. रेंज कमी असून अर्धा एमबीपीएसच मिळत असेल तर साडेनऊ मिनिटं. जाहिरातीत सांगतात तो वेग डाउनलोडचा असतो, अपलोडचा बहुधा त्याहून कमी असतो. स्पीड टेस्टमधला दुसरा आकडा बघायची सवय लावा. शिवाय तुम्ही फोटो काढताच गूगल फोटोज किंवा आयक्लाउड तेच फोटो बॅकअपला पाठवायला लागतं आणि अपलोडचा रस्ता अडवतं. पेपरपुरता बॅकअप थांबवा.

वजन कमी करायचं तर ए४ पानाला १५० डीपीआय (एका इंचात १५० ठिपके), म्हणजे १२४० बाय १७५४ पिक्सेल, हस्ताक्षरासाठी पुरतं. आकृत्या असतील तर २०० डीपीआय ठेवा. स्कॅनर ॲपमध्ये शेअर करताना किंवा सेटिंगमध्ये फाइलची साइझ निवडायला मिळते. बँकेच्या भरतीच्या फॉर्मसाठी सही १० ते २० केबीत बसवण्याची कसरत तुम्ही केली असेल, पण उत्तरपत्रिकेला ते माप लावू नका. इतकं दाबल्यावर काहीच वाचता येत नाही.

नावात देवनागरी, मोकळी जागा, '&' किंवा '#' अशी चिन्हं टाळा. मराठीतलं नाव तुमच्या फोनवर छान दिसतं, पण वेबच्या पत्त्यात एकेका देवनागरी अक्षरचिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि जुनी पोर्टल तिथे अडखळतात. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा आसन क्रमांक, विषयाचा कोड आणि पान क्रमांक, मध्ये अंडरस्कोर, हे रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत लिहा. पान क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी द्या. नाहीतर काही ठिकाणी संगणक १ नंतर १० लावतो आणि मग २.

पीडीएफला पासवर्ड लावू नका. हे सांगावं लागतं, कारण काही जण सुरक्षिततेच्या कल्पनेने लावतात.

रंगीत तालीम

परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी, ज्या फोनवरून आणि ज्या नेटवरून पेपर देणार त्यावरच, एक पान लिहून पूर्ण फेरी करा. फोटो, फाइल, नाव, अपलोड. पोर्टलवर सराव परीक्षा असेल तर तिथे करा. नसेल तर पीडीएफ कुणा मित्राला डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि त्याच्या विंडोजच्या संगणकावर उघडते का ते विचारा. तपासणाऱ्यांकडे बहुधा तसाच संगणक असतो. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो काही वेळाने आयक्लाउडवर जातात आणि निवडताना परत उतरतात, तेही लक्षात घ्या. लिहिण्याच्या वेळेतून शेवटची १० मिनिटं अपलोडसाठी काढून ठेवा, पोर्टल वेगळी वेळ देत असलं तरीही.

अपलोड झालं, पण सबमिट झालं का?

फाइल चढवणं आणि पेपर जमा करणं या दोन पायऱ्या आहेत. गूगल क्लासरूममध्ये फाइल जोडल्यावर 'टर्न इन' दाबावंच लागतं. मूडल या कॉलेजांच्या अभ्यास-पोर्टलमध्ये बदल सेव्ह झाल्यावरही कधीकधी 'ड्राफ्ट, नॉट सबमिटेड' असं दिसतं, म्हणजे अजून एक बटण बाकी आहे. क्लासरूममध्ये मुदत उलटल्यावर 'अनसबमिट' करून फाइल बदलायला गेलात तर पेपर उशिरा आल्याची नोंद होते. त्यामुळे किरकोळ सुधारणेसाठी तिथे हात लावू नका.

सबमिट करण्याआधी चढवलेली फाइल पोर्टलवरूनच उघडून बघा. प्रिव्ह्यू असेल तर तो, नसेल तर डाउनलोड करून. सगळी पानं, योग्य क्रमाने, सरळ. मघाशी सांगितलेला कोरा चौकोन पकडायचा दुसरा मार्ग नाही.

तरीही अडकलंच तर

पान रिफ्रेश करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात एररचा संदेश आणि वेळ दोन्ही दिसायला हवेत. मग दुसरा ब्राउझर, मग मोबाइल डेटा, याच क्रमाने. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर मुदत संपायच्या आत हेल्पलाइनला किंवा परीक्षा विभागाला मेल टाका. नाव, आसन क्रमांक, विषयाचा कोड, किती वाजता काय झालं, फोनचं मॉडेल, स्क्रीनशॉट आणि उत्तरांची पीडीएफ सोबत जोडा. जीमेलवर जोडणीची मर्यादा २५ एमबी आहे, त्याहून मोठी फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते. तसं झालं तर लिंक उघडण्याची परवानगी दिली आहे का ते बघा. मेलनेच उत्तर स्वीकारतील याची खात्री नाही, पण मुदतीच्या आत पाठवलेल्या मेलवर वेळ छापलेली असते, आणि नंतर अर्ज करताना तीच दाखवता येते. फोनवर बोलणं झालं असेल तरी मागोमाग मेल कराच.

मूळ फोटो एडिट केले असतील तरी त्यांच्या न बदललेल्या प्रती ठेवा. फोटो कधी काढला ती वेळ त्यांत नोंदलेली असते, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत ती उरत नाही. कागदी उत्तरपत्रिका आणि हे फोटो निकाल लागून पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंत सांभाळा. फोन भरत आला तर आधी ग्रुपवर आलेले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढा.